पडलेला नट शोधायचा कसा : घरी जुनी गाडी उघडणाऱ्या नवख्यांसाठी

चेतकचा कार्बोरेटर काढताना ११ च्या पान्याने ढिला केलेला नट बोटांतून निसटतो, कुठेतरी 'टिक' वाजतं आणि पुढे काहीच ऐकू येत नाही. नवखा माणूस अशा वेळी लगेच वाकतो, पाय हलवतो, स्कूटर स्टँडवरून उतरवून बाजूला घेतो. नेमकं हेच करायचं नाही. नट पडला तिथे बहुतेक वेळा हाताशीच असतो. आपण धडपड केली की तो आणखी आत तरी जातो, नाहीतर पायाने लांब तरी ढकलला जातो.

चेतक, एलएमएल वेस्पा, जुनी बुलेट, येझदी, पद्मिनी, मारुती ८०० यांपैकी एखादी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर घरापुढच्या अंगणात उघडून बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गॅरेजवाल्याकडे सुट्या नटांचा डबा असतो. एक गेला की तो दुसरा लावून मोकळा होतो. आपल्याकडे तो डबा नसतो. शिवाय जुन्या गाड्यांचे काही नट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतच नाहीत. चेतक वेस्पाच्या घराण्यातली, त्यामुळे तिच्यात ७ मिलिमीटरचे स्टड (डोकं नसलेले, आटे पाडलेले दांडे) आणि बोल्ट ठिकठिकाणी आहेत आणि त्यांनाच तो ११ चा पाना लागतो. दुकानात ६ चा नट मिळतो, ८ चा मिळतो. ७ चा मागितला की दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. पुण्यात असाल तर नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आहेत, बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. पण एका नटासाठी अख्खी सकाळ जाते. जुन्या बुलेटमध्ये काही ठिकाणी ब्रिटिश आटे आहेत. तिथे जवळपासच्या मापाचा मेट्रिक नट जबरदस्तीने फिरवला की स्टडचेही आटे गेले म्हणून समजा.

पायरी १ : हात थांबवा, आवाज आठवा

पडल्याचा आवाज एकदाच येतो. नाजूक भाग उघडताना मोबाइलवरची गाणी बंद ठेवा असं मी सांगतो ते एवढ्यासाठीच.

शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर नट पडला की एक मोठा 'टण्ण' येतो आणि पाठोपाठ दोन-तीन छोट्या उड्या ऐकू येतात. वायसर असेल तर शेवटी ती कडेवर फिरत फिरत बसते, तो थरथरता आवाज ओळखू येतो. पत्र्यावर पडलेल्याचा आवाज पोकळ असतो. नट बॉडीच्या आतल्या खाचेत गेल्याची ती खूण. एकच बद्द 'ठक' आणि मग काही नाही, म्हणजे इंजिनावर साचलेल्या तेल-मातीच्या थरात नट रुतून बसला आहे.

फरशीचा आवाज आलाच नसेल तर फरशीवर शोधू नका. नवखे लोक नेमके तिथेच चुकतात. जमीन दिसते, सपाट असते, शोधायला सोपी असते, म्हणून अर्धा तास तिथेच जातो आणि नट मात्र सिलिंडरच्या पाखांमध्ये अडकलेला असतो.

काहीच आवाज आला नाही तर आधी स्वतःला तपासा. मांडी, बाही, पँटची दुमड, लुंगीची घडी, चपलेचा तळ. ग्रीस लागलेला स्क्रू रबरी चपलेला चिकटून थेट घरात जातो आणि दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाला टोचतो.

पायरी २ : त्या क्षणी काय काय उघडं होतं?

शोधायला लागण्याआधी हा प्रश्न. प्लग काढलेला होता का? कार्बोरेटर काढून खालचं भोक उघडं होतं का? सायलेन्सर, ऑइलचं बूच, डिस्ट्रिब्युटरची (मोटारीत प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणाऱ्या भागाची) टोपी? यांपैकी काहीही नट पडला तिथून वीतभराच्या आत उघडं असेल आणि फरशीचा आवाज आला नसेल, तर नट आतच गेला आहे असं धरून चालायचं. बाहेर सापडला तर उत्तमच.

तोवर किक नाही, स्टार्टर नाही, धक्का मारणं नाही. गिअरमध्ये असलेली गाडी नुसती ढकलली तरी इंजिन फिरतं, म्हणून आधी न्यूट्रल करा. स्कूटरची प्लग कॅप काढून बाजूला ठेवा. मोटारीत बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. याचं आणखी एक कारण आहे : पुढे आपण लोखंडी दांडी घेऊन इंजिनाच्या आसपास चाचपणार आहोत आणि ती दांडी स्टार्टरच्या जाड तारेला आणि बॉडीला एकदम टेकली तर मोठी ठिणगी उडते.

सिलिंडरमध्ये नट असताना इंजिन एकदा फिरलं तरी पुरे. पिस्टनचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, त्यात खड्डा पडतो आणि तिथून सुटलेले तुकडे सिलिंडरच्या भिंती ओरबाडतात. टू-स्ट्रोकमध्ये नट खाली क्रँकपाशी (पिस्टनखाली फिरणाऱ्या दांड्यापाशी) गेला तर क्रँक आणि त्याभोवतीचं केसिंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो आवळला जातो, मग केसिंगच धोक्यात.

पायरी ३ : जमिनीवर पडला असेल तर

दिवसाउजेडीसुद्धा हातातली बॅटरी (टॉर्च) घ्या. ती हातात धरून वरून प्रकाश टाकू नका, जमिनीवर आडवी ठेवून पेटवा. तिरप्या उजेडात बारीक वायसरचीही लांब सावली पडते. आपणही गाल जमिनीला टेकवून त्याच दिशेने पाहायचं. मग बॅटरी थोडी थोडी फिरवत पट्टा-पट्टा तपासायचा. डोळे भिरभिरत ठेवून काही सापडत नाही.

कुठली वस्तू कुठे जाते याचाही अंदाज बांधता येतो. षटकोनी नट फार लोळत नाही. उडी मारतो आणि थांबतो. बोल्टचं डोकं मोठं आणि दांडा बारीक, त्यामुळे तो सरळ न लोळता गोल वळतो. त्याला जवळपास, बाजूला शोधा. वायसर कडेवर उभी राहिली की पार्किंगच्या पलीकडच्या भिंतीपर्यंतही जाते. सर्क्लिप (खाचेत ताणून बसणारी गोल क्लिप) आणि बारीक स्प्रिंग यांचं वेगळंच. त्या पडत नाहीत, उडतात, आणि पक्कड ज्या दिशेला होती त्याच दिशेला उडतात. त्यांना गाडीखाली न शोधता समोरच्या कुंड्यांत, खिडकीच्या कठड्यावर शोधा.

तरीही मिळाला नाही तर तसाच दुसरा नट घ्या, त्याला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून सोडा. कुठे जातो ते बघा. असं चार-पाच वेळा केलं की पहिल्याने कुठली वाट धरली असेल ते कळू लागतं. दोरा बांधून सोडू नका, दोऱ्याने वाट बदलते. ही चाचणी आसपासची भोकं झाकल्याशिवाय करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

अंगण मातीचं असेल तर जुन्या स्पीकरचा लोहचुंबक कामाला येतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवरून सावकाश ओढा. पिशवी विसरू नका. आपल्याकडची माती काळ्या बेसॉल्ट खडकापासून झालेली, तिच्यात चुंबकाला धरणारे काळे बारीक कण भरपूर असतात आणि उघड्या चुंबकाला त्यांची दाट दाढी येते. ती काढता काढता नाकी नऊ येतात. पिशवी असली की ती उलटी करायची, माती आपोआप गळून पडते आणि नट हातात राहतो.

पेव्हर ब्लॉकच्या फटींसाठी सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून आकडा करा. शेवटचा उपाय म्हणजे मऊ झाडूने सगळं एकत्र करून चाळणे. चाळणी स्वयंपाकघरातली घेतली असेल तर ती परत तिथे नेऊ नका, घरात नवा वाद नको.

पायरी ४ : गाडीतच असेल तर

प्रत्येक गाडीच्या ठरलेल्या जागा असतात. एकदा कळल्या की शोध निम्म्याने कमी होतो.

चेतक आणि वेस्पाच्या घराण्यातल्या स्कूटरवर कार्बोरेटर एका डब्यात बसलेला असतो. नट पडला तर आधी त्या डब्याचे कोपरे बघा, तिथे पेट्रोल आणि धूळ मिळून चिकट काळा थर असतो आणि काळा नट त्यात दिसत नाही. बोटाने चाचपा. मग डबा आणि सिलिंडरवरचं हवेचं कव्हर यांमधली फट. या कव्हरच्या आत नट गेला असेल तर ते काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका : फ्लायव्हीलच्या पंख्याची पाती ओतीव असतात, मोकळा नट मध्ये आला की तुकडे पडतात.

ज्याला आपले मेकॅनिक 'मॅग्नेट' म्हणतात ते फ्लायव्हील काढलं असेल तर सगळ्यात आधी त्याच्या आत बघा. बारीक स्क्रू जमिनीवर न पडता आतल्या चुंबकांना जाऊन चिकटतो. तिथे सगळंच काळपट असतं, नजरेला स्क्रू वेगळा दिसत नाही. मॅग्नेट परत चढवण्याआधी आतून पूर्ण गोल बोट फिरवायचं, कापडाने पुसायचं, मगच बसवायचं. तसंच चढवलं तर तो स्क्रू कॉइलवर घासतो. फ्लायव्हील दांड्यावर अडकवून धरणारी अर्धचंद्राच्या आकाराची छोटी 'की' हरवली असेल तर तीही बहुधा इथेच सापडते.

हँडलवरचा स्पीडोमीटर उघडताना निसटलेला स्क्रू केबल जिथून उतरतात त्याच वाटेने उतरतो. हॉर्नचं कव्हर उघडून पाहा.

बुलेटवाल्यांना एक दिलासा. डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनच्या डब्यात काही पडलं तर घाबरू नका. जुन्या बुलेटवर त्याचं बाहेरचं कव्हर मधल्या एकाच नटावर असतं. खाली परात ठेवा, तेल गळू द्या, कव्हर काढा.

पद्मिनी आणि त्या काळातल्या इतर मोटारींत खरी गंमत डिस्ट्रिब्युटरमध्ये. पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप होणारे संपर्क) बदलताना त्यांचा चिमुकला स्क्रू हमखास सुटतो आणि पॉइंट ज्या पत्र्यावर बसतात त्याच्या खाली, स्पार्क पुढे-मागे करणाऱ्या वजनांमध्ये जाऊन पडतो. वरून तो दिसत नाही. 'स्क्रूच तर आहे, दुसरा लावू' म्हणून दुसरा लावला आणि स्टार्टर मारला, तर खालचा स्क्रू वजनांत अडकून ती जाम होतात किंवा पत्राच वाकतो. आधी चुंबकाची बारीक दांडी घालून बघा. नाही आला तर डिस्ट्रिब्युटर काढावा लागेल : रोटरचं (टोपीखालच्या फिरत्या तुकड्याचं) तोंड कुठे आहे आणि बॉडी ब्लॉकवर कशी बसली आहे याच्या पांढऱ्या रंगाने खुणा करा, फोटो काढा, मग उचलून ताटावर उलटा करा. खुणा केल्या नाहीत तर स्क्रू सापडेल पण टायमिंग हरवेल.

मारुती ८०० मध्ये इंजिन आडवं आणि जागा अडचणीची. वरून सुटलेली वस्तू गिअरबॉक्सच्या माथ्यावर नाहीतर खालच्या क्रॉस मेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या पट्टीच्या) खाचांत थांबते. गाडीखाली जाणार असाल तर घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एका नटासाठीच काय, कशासाठीही जायचं नाही. नट बॉडीतच आहे, इंजिनात नाही, अशी खात्री असेल तर गाडी जमिनीवर असताना खाली चादर पसरा आणि बंपरवर हात ठेवून दोन-चार वेळा दाबून सोडा. बऱ्याचदा तो आपण होऊन खाली पडतो.

पायरी ५ : दिसला, पण हात पोचत नाही

कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह आवरा. हवेने वस्तू आणखी आत जाते आणि कचरा डोळ्यांत येतो.

लांब होणारी चुंबकाची दांडी प्रत्येकाने घ्यावी अशी वस्तू आहे. अडचण एकच, स्कूटरची सगळी बॉडी लोखंडी पत्र्याची, त्यामुळे दांडीचं टोक नटापर्यंत पोचायच्या आत दहा ठिकाणी चिकटतं. त्यावर उपाय : टोकावर पेट्रोल पाइपचा किंवा माशांच्या टाकीच्या नळीचा तुकडा असा चढवा की चुंबकाचं फक्त तोंड उघडं राहील. बाजूला चिकटणं थांबतं.

चुंबक सगळं उचलत नाही. कार्बोरेटरचे जेट पितळी असतात, काही वायसर तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या, आणि नंतर कुणी हौसेने लावलेले स्टेनलेसचे बोल्टही बहुतेक चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी काठीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा किंवा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचा तुकडा लावा. मागचं बटण दाबलं की पुढे चार नखं उघडणारा लवचिक चिमटाही मिळतो, तो चांगला.

व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बसवला तर फरशीवरच्या, सीटखालच्या वस्तू छान येतात. मात्र कार्बोरेटर, टाकी किंवा उघड्या सिलिंडरपाशी तो आणू नका. पेट्रोलची वाफ ओढली जाते आणि मोटरच्या आत ठिणग्या असतात.

फोनला जोडायचा वायरसारखा कॅमेरा मिळतो. प्लगचं भोक १४ मिलिमीटरचं, त्यातून तो सहज जातो. आत काही आहे की नाही याचा फैसला त्याच्यावर सोडा, अंदाजावर नाही.

इंजिनात गेलाच असेल तर

सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर वस्तू दिसत असेल तर इंजिन न फिरवता आधी चुंबक घाला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली गेला की बाजूची पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) उघडतात आणि वस्तू त्यांतून खाली क्रँकमध्ये उतरू शकते. म्हणून 'जरा पिस्टन खाली घेऊ, जागा होईल' हा विचार तिथे महागात पडतो. नाहीच निघाली तर हेड (सिलिंडरचं झाकण) काढा. चेतकचं हेड काढणं हे नवख्यालाही अर्ध्या दिवसात जमणारं काम आहे.

पिस्टन काढताना त्याची पिन जागेवर धरणारं छोटं लॉक खाली क्रँकच्या तोंडात पडणं हा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार. लॉक पोलादी असतं, चुंबकाला धरतं. उजेड टाकून ते दिसतं का बघा, दिसलं तर सरळ उचला. क्रँकच्या पलीकडे गेलं असेल तर इंजिन उतरवा आणि उलटं धरून हलवा. तरीही आलं नाही तर केसिंग उघडणं हा एकच मार्ग उरतो. ते काम पहिल्यांदा करत असाल तर ओळखीच्या मिस्त्रीकडे इंजिन घेऊन जा आणि आत काय पडलंय ते स्पष्ट सांगा.

काय शोधत बसू नये

जुनी स्प्लिट पिन बाहेर पडून हरवली असेल तर जाऊ द्या. चाकाच्या नटातली पिन दर वेळी नवीच घालायची असते. पिस्टन पिनेची लॉकंही तशीच. ती शोधायची असतात ती परत लावायला नव्हे, इंजिनात नाहीत याची खात्री करायला. साधी स्प्रिंग वायसर फरशीवर कुठेतरी गेली असेल तर दहा मिनिटांवर तिच्यावर घालवू नका, फक्त निघताना झाडून घ्या. शेजाऱ्याच्या टायरमध्ये आपला स्क्रू सापडला तर सोसायटीच्या पार्किंगमधलं आपलं काम कायमचं बंद होईल.

पुढच्या वेळी बसण्याआधी

गाडीखाली फिक्या रंगाची जुनी चादर घाला, कडा गुंडाळून थोड्या उंच करा. जवळ गटाराची जाळी असेल तर तिच्यावर गोणपाट टाका; नट बरोबर तिकडेच जातात. सुटे भाग ठेवायला जुना मिसळणाचा डबा घ्या. सात वाट्या असतात, कामाच्या क्रमाने भरत जा. परत बसवताना शेवटच्या वाटीपासून सुरुवात करायची.

उघड्या भोकात कापडाचा मोठा बोळा कोंबा, त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा. बारीक चिंध्या वापरल्या तर त्याच आत विसरतात.

नट बसवताना बॉक्स पान्यात बोटभर ग्रीस लावलं की नट आत धरून राहतो. सैल असेल तर मध्ये कागदाचा तुकडा. हात पोचत नाही अशा ठिकाणी पेट्रोल पाइपचा तुकडा बोल्टच्या डोक्यावर घट्ट बसवा आणि पाइप बोटांनी फिरवून आटे धरवा. आटे वाकडे लागत असतील तर पाइप पिळला जातो, पुढे जात नाही, म्हणजे आटे खराब होण्याचीही भीती नाही. सर्क्लिप काढताना हात आणि पक्कड दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून काढा. दिसायला विचित्र दिसतं, पण क्लिप पिशवीतच राहते.

आणि आज सापडलाच नाही तर

अंधार पडला, डास आले, नट नाही. गाडी तशीच ठेवून उद्या उजेडात पुन्हा बघणं शहाणपणाचं. पण घरातल्या कुणीतरी सकाळी सहज किक मारून बघू नये म्हणून प्लग कॅप काढून किल्लीसकट घरात न्या, आणि हँडलवर कागदी टेप लावून मोठ्या अक्षरांत लिहा : 'चालू करू नये. ११ च्या पान्याचा एक नट कार्बोरेटरपाशी पडला आहे.' मोटार असेल तर बॅटरीची तार सोडलेलीच राहू द्या आणि टेप स्टिअरिंगवर लावा.